जुना लॅपटॉप पुन्हा उभा करताना: आधी मोजमाप, मग सुटे भाग

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप बदलतात आणि काढलेली यंत्रे व्यापाऱ्यांच्या हातून फिरत मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात येऊन पडतात. त्यांतली बरीचशी बांध्याने दणकट असतात आणि एखाददुसरा दोष दूर केला तर आणखी काही वर्षे सहज चालतील अशा अवस्थेत असतात. फावल्या वेळात अशी यंत्रे दुरुस्त करताना माझे जे पैसे वाया गेले, ते जवळजवळ सगळे दोष नक्की होण्याआधीच सुटा भाग विकत घेतल्यामुळे गेले. बॅटरी मागवली आणि दोष चार्जिंगच्या खाचेत निघाला. पडदा मागवला आणि दोष केबलमध्ये निघाला. म्हणून पुढचा क्रम असा लावला आहे की, कोणताही भाग मागवण्यापूर्वी दोष त्याच भागात आहे हे मोजून किंवा अदलाबदल करून ठरलेले असावे.

उदाहरणासाठी मी लेनोव्होचा थिंकपॅड टी ४८० हा २०१८ सालचा लॅपटॉप घेतो. तो जुन्या बाजारात भरपूर मिळतो, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या, डिस्क आणि वायफायचे कार्ड त्यात बदलता येते आणि तो उघडण्याची सविस्तर पुस्तिका कंपनीने सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. दुसऱ्या कंपनीचे यंत्र हाती असेल तर स्क्रूंच्या जागा बदलतील, तपासणीचा क्रम मात्र तोच राहील.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच

काही दोष कोणत्याही पान्ह्याने सुटत नाहीत, म्हणून ते दुकानाच्या काउंटरवरच पाहावेत. यंत्र सुरू करून एफ १ दाबावे आणि बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात) जाऊन पाहावे. तेथे सुपरवायझर पासवर्ड मागितला गेला आणि विक्रेत्याला तो ठाऊक नसेल, तर ते यंत्र खाली ठेवावे. हा पासवर्ड यंत्रातल्या घड्याळाचा सेल काढून पुसला जात नाही आणि लेनोव्होच्या लेखी त्यावर मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बदलण्याखेरीज उपाय नाही. त्याचप्रमाणे विंडोज नव्याने टाकल्यावर पहिल्याच पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव दिसून तिच्या खात्याने प्रवेश करण्यास सांगितले जात असेल, तर ते यंत्र अजून मूळ मालकाच्या नोंदीतून सुटलेले नाही असे समजावे. विक्रेता "साहेब, तेवढं आपण बायपास करून देतो" म्हणाला तरी ही नोंद त्या मूळ मालक कंपनीनेच सोडवायची असते.

प्रोसेसरही पाहून घ्यावा. टी ४८० सातव्या आणि आठव्या अशा दोन्ही पिढ्यांच्या इंटेल प्रोसेसरांसह विकला गेला. आय ५-८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. ७२००यू किंवा ७३००यू असेल तर चालत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे हा फरक आता भावात दिसला पाहिजे. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच उपयोगी आहेत, आणि घासाघीस करायला त्याला आयतेच कारण मिळते.

हत्यारे आणि उघडण्याची रीत

फार सामग्री लागत नाही. शून्य क्रमांकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पातळ पट्टी (गिटारची पिक उत्तम चालते), साधा डिजिटल मल्टिमीटर, टाइप-सी खाचेत मध्ये लावायचा व्होल्टेज-करंट दाखवणारा छोटा टेस्टर, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) एवढ्यावर घरी होण्यासारखी सगळी कामे होतात. अल्कोहोलऐवजी घरातले सॅनिटायझर वापरू नये; त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट थर बोर्डवर राहतो.

स्क्रू ठेवण्यासाठी मी मिठाईच्या खोक्याचे झाकण वापरतो. त्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढायची आणि जो स्क्रू जेथून निघाला तेथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. लांब स्क्रू आखूड जागी बसवला गेला तर तो कधीकधी थेट बोर्डमध्ये घुसतो, आणि ही चूक परतवता येत नाही. थर्मोकोलचा तुकडा यासाठी घेऊ नये, कारण त्यावर स्थिर वीज साठते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, विशेषतः अंगात सिंथेटिक कापड असताना, काम सुरू करण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा. आपल्याकडे घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग असेलच असे नाही, तेव्हा एकदा इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घेतलेली बरी.

टी ४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. मागची बाहेरून काढता येते आणि दुसरी २४ वॉट-तासांची आत बसवलेली असते. उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, बायोसमध्ये कॉन्फिग, त्यात पॉवर आणि त्यात अंतर्गत बॅटरी बंद करण्याचा जो पर्याय आहे तो निवडावा. यंत्र आपोआप बंद होते आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी बोर्डला वीज देत नाही. मग बाहेरची बॅटरी काढावी, तळाचे सहा स्क्रू सैल करावेत (ते झाकणातच अडकून राहतात, बाहेर पडत नाहीत) आणि जेथे फट सहज पडते तेथून पट्टी घालून एकेक खिटी सोडवत जावे. झाकण जोर लावून उपटू नये. यंत्र सुरूच होत नसल्यामुळे बायोसपर्यंत जाता येत नसेल, तर झाकण निघाल्यावर सर्वप्रथम आतल्या बॅटरीचा जोड सोडवावा आणि त्यानंतरच दुसऱ्या कशाला हात लावावा.

वीज: यंत्र सुरू होत नाही किंवा चार्ज होत नाही

सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक पैसा येथेच जातो, म्हणून या भागात घाई करू नये.

टी ४८० ला जुन्या पद्धतीची वेगळी चार्जिंगची खाच नाही. त्याच्या दोन्ही टाइप-सी खाचांतूनच वीज घेतली जाते. अशा चार्जिंगमध्ये चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो, मग लॅपटॉप आणि चार्जर यांच्यात बोलणी होतात आणि त्यानंतर व्होल्टेज २० पर्यंत चढते. ६५ वॉटच्या चार्जरवर २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असे छापलेले असते ते याच अर्थाने. चार्जर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये टेस्टर लावला की ही बोलणी झाली की नाही ते डोळ्यांनी दिसते. त्यामुळे पहिली पायरी झाकण उघडण्याची नसून टेस्टरवरचा आकडा वाचण्याची आहे.

आकडा २० च्या आसपास असेल आणि करंटही वाहत असेल, तर चार्जर, केबल आणि खाच या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. दोष बॅटरीत किंवा त्यापुढे आहे. आकडा ५ वरच अडकला असेल आणि करंट जवळपास शून्य असेल, तर बोलणी फसली आहेत. अशा वेळी आधी खात्रीचा दुसरा चार्जर आणि दुसरी केबल लावून पाहावी, कारण मोबाइलबरोबर आलेल्या पुष्कळ चार्जरांना २० व्होल्ट देताच येत नाहीत. मग प्लग उलटा करून लावावा. टाइप-सी प्लग दोन्ही बाजूंनी बसतो खरा, पण बोलणी करणारी तार प्रत्येक बाजूला वेगळ्या पिनेवर येते. एका बाजूने चार्ज होते आणि दुसऱ्या बाजूने होत नाही असे असेल, तर खाचेतली एक पिन खराब झाली आहे एवढे निदान फुकटात झाले. शेवटी दुसऱ्या खाचेत लावून पाहावे.

खाच निकामी ठरवण्यापूर्वी टॉर्चच्या प्रकाशात तिच्यात डोकावून पाहावे. माझ्याकडे आलेल्या एका यंत्राचा प्लग शेवटचा एक मिलिमीटर आत जात नव्हता आणि त्याच्या मालकाला दुकानात "बोर्ड गेलाय, दुसरा टाकावा लागेल" असे सांगण्यात आले होते. मी लाकडी टूथपिकचे टोक ब्लेडने पातळ केले आणि खाचेच्या तळाशी हलकेच फिरवले, तेव्हा लॅपटॉपच्या पिशवीतल्या कापसाची दाबून दाबून कडक झालेली करडी गोळी बाहेर आली, जिऱ्याच्या दाण्याएवढी. त्यानंतर प्लग टक् करून बसला आणि टेस्टरवर २० चा आकडा चढला. टाचणी किंवा सुई मात्र या कामाला वापरू नये, कारण खाचेच्या मधल्या जिभेवर पिना एकमेकींना खेटून असतात आणि धातूने त्या शॉर्ट होतात.

प्लग लावल्यावर खाच हलते आहे असे जाणवले, तर तिचे पाय बोर्डवरून सुटलेले असतात. ही खाच थेट मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असते. तिच्या २४ पिना पुन्हा बसवायला हॉट एअर (गरम हवेने डाख वितळवणारे यंत्र), मायक्रोस्कोप आणि सरावलेला हात लागतो. साध्या सोल्डरिंग आयर्नने हा प्रयोग घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाटीवर "चिप लेव्हल" (म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग बदलून दुरुस्ती) लिहिलेल्या प्रत्येक दुकानात मायक्रोस्कोप असतोच असे नाही, म्हणून तो आहे का हे आधी विचारावे आणि काम झाल्यावर काढलेला जुना भाग परत मागावा.

खाच शाबूत असूनही चार्जिंग होत नसेल, तर २०१७ ते २०१९ च्या काळातील अनेक थिंकपॅडांना लागू असलेले आणखी एक कारण तपासले पाहिजे. थंडरबोल्ट (टाइप-सी खाचेतली वेगवान जोडणी) सांभाळणाऱ्या नियंत्रक चिपच्या फर्मवेअरमधील, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या आज्ञावलीतील, दोषामुळे टाइप-सी खाच चालेनाशी होणे, डॉक (एका केबलने अनेक उपकरणे जोडणारा ठोकळा) न दिसणे, एचडीएमआयवर चित्र न येणे, सुरू होताना थंडरबोल्टविषयी त्रुटी येणे किंवा यंत्र तेथेच अडकणे असे प्रकार होत होते, आणि लेनोव्होने २०१९ मध्ये त्यावर नवे फर्मवेअर प्रसिद्ध केले. जुन्या बाजारातून आलेल्या यंत्रावर ते टाकलेले असेलच असे नाही. त्यामुळे यंत्र चालू स्थितीत हाती येताच, बाकी काही करण्यापूर्वी, चार्जर लावून बायोस आणि थंडरबोल्ट या दोन्हींचे ताजे फर्मवेअर टाकून घ्यावे. नियंत्रक आधीच बिघडलेला असेल, तर त्या फर्मवेअरची चिप प्रोग्रामर लावून पुन्हा लिहावी लागते. हे काम जाणकाराकडून तासाभरात होण्यासारखे आहे आणि मदरबोर्ड बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आता पूर्ण निपचित पडलेले यंत्र. चार्जर काढून तळाच्या झाकणावरील रिसेटच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप काही सेकंद दाबून धरावी, मग चार्जर लावून पाहावे. वर्षभर पडून राहिलेली कितीतरी यंत्रे एवढ्यानेच जागी होतात. जागे न झाल्यास झाकण उघडून दोन्ही बॅटऱ्या, डिस्क, वायफायचे कार्ड आणि मेमरीची एक पट्टी काढावी आणि केवळ बोर्ड, एक पट्टी आणि चार्जर एवढ्यावर सुरू करून पाहावे. सुरू झाले तर एकेक भाग परत जोडत जावे आणि ज्या भागाबरोबर यंत्र पुन्हा निपचित होते तो दोषी धरावा. मात्र प्रत्येक जोडणीपूर्वी चार्जर काढलाच पाहिजे. काळ्या पडद्याबरोबर सुरांची लकेर ऐकू आली तर ती वाया जाऊ देऊ नये. या पिढीच्या थिंकपॅडमध्ये त्या सुरांत त्रुटीचा क्रमांक असतो आणि लेनोव्होच्या निदानाच्या मोबाइल अ‍ॅपला तो ऐकवून वाचता येतो.

यातूनही काही निष्पन्न झाले नाही तर दोष बोर्डवर आहे. त्या दुरुस्तीचा खर्च तशाच चालू यंत्राच्या भावाच्या निम्म्याहून जास्त सांगितला गेला, तर मी ते यंत्र दुरुस्त करत नाही. त्याचा पडदा, कीबोर्ड आणि झाकण पुढच्या यंत्रासाठी ठेवून देतो.

बॅटरी

आतली बॅटरी फुगलेली असेल तर तळाचे झाकण नीट बसत नाही, टचपॅड वर उचलला जातो किंवा त्याची टिचकी लागेनाशी होते. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, वाकवू नये आणि चिकटवलेली असल्यास धातूच्या पट्टीने खरवडून काढू नये. ती काढल्यावर कोरड्या वाळूच्या बादलीत, घराबाहेर ठेवावी आणि अधिकृत संकलन केंद्रावर द्यावी. घरच्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर तिची जागा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तिला परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

न फुगलेल्या बॅटरीची तब्येत आकड्यांवरून ठरवावी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेचा बॅटरी रिपोर्ट हा पर्याय चालवला की मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. बाहेरची मोठी बॅटरी ७२ वॉट-तासांची असेल आणि अहवालात पूर्ण क्षमता ५० दिसत असेल, तर सुमारे ७० टक्के शिल्लक आहे. अशी बॅटरी मी बदलत नाही. निम्म्याच्या खाली गेलेली, किंवा ३० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडणारी बॅटरी मात्र बदलावी. बाजारात मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांच्या स्टिकरवर कोणताही आकडा छापता येतो, म्हणून नवी बॅटरी लावल्यावर हाच अहवाल पुन्हा काढावा, एकदा पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरवावी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्यक्षात किती वेळ मिळतो ते मोजावे.

घड्याळाचा छोटा सेलही याच वेळी मोजून घ्यावा. तो सीआर २०३२ प्रकारचा, ३ व्होल्टचा असतो आणि तारेच्या जोडाने बोर्डला लागतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलावा. सुरू होताना ०२७१ हा क्रमांक येऊन तारीख-वेळ तपासायला सांगितली जाते, तेव्हा बहुधा हाच सेल संपलेला असतो.

मेमरी आणि डिस्क

मेमरीचा दोष ओळखण्याची रीत जुनीच आहे: एक पट्टी, एक खाच, मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी. चार जोड्यांपैकी कोणत्या फसतात ते कागदावर लिहून काढले की दोष पट्टीचा आहे की खाचेचा हे आपोआप कळते. आपल्याकडे पट्टीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर घासण्याची पद्धत सर्रास दिसते. तिचा उपयोग होतो, पण सोन्याचा थर फारच पातळ असतो, त्यामुळे अल्कोहोल लावलेले कापड फिरवणे अधिक चांगले. पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा एखादा मिनिट काळाच राहू शकतो. त्या वेळात यंत्र मेमरीची जुळणी करत असते. घाबरून बटण दाबून ते बंद करू नये. शेवटी मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासण्याचे साधन पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. एकही त्रुटी खपवून घेऊ नये, कारण मेमरीतली एक त्रुटी पुढे फायली खराब करत राहते आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

डिस्कच्या बाबतीत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने स्मार्ट नोंदी (डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी) वाचाव्यात. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये ५ आणि १९७ या क्रमांकांच्या नोंदी, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर, शून्याहून जास्त असतील तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. खरे म्हणजे फिरती डिस्क चांगली असली तरी ती काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपची डिस्क) लावावी. जुन्या लॅपटॉपला एवढ्या खर्चात एवढा वेग देणारा दुसरा बदल नाही. टी ४८० मध्ये अडीच इंचांच्या जागेत साटा या जुन्या जोडणीची एसएसडी थेट बसते. एनव्हीएमई ही अधिक वेगवान जातीची एसएसडी लावायची असेल तर वेगळा अ‍ॅडाप्टर आणि केबल लागते. तेथे पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या दोनच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) मिळत असल्याने महागडी, अतिवेगवान एसएसडी घेण्यात अर्थ नाही.

उष्णता

पंखा सतत घोंगावतो आणि यंत्र मध्येच मंदावते, ही तक्रार बहुतेक वेळा धुळीची असते. बाहेरून जाळीत फुंकर मारून ती जात नाही. पंख्याची पाती आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये धूळ घोंगडीच्या तुकड्यासारखी दाट बसलेली असते आणि बाहेरून फुंकले की ती आणखी घट्ट होते. म्हणून हीटसिंक (चिपवर बसवलेला, उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) उतरवूनच ती काढावी. त्याचे स्क्रू क्रमांकित असतात. सोडवताना उलट्या आणि बसवताना सुलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत जावे, नाहीतर चिपच्या एका कोपऱ्यावर सगळा दाब येतो. ब्लोअर वापरत असाल तर पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण वाऱ्याने वेगात फिरलेला पंखा स्वतःच वीज निर्माण करतो आणि त्याचे बेअरिंगही खराब होते.

जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते. ती अल्कोहोलने पूर्ण पुसून चिपच्या चकचकीत भागावर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी आणि पातळ पसरवावी. शेजारच्या भागांवर रबरासारखे थर्मल पॅड असतील तर ते तसेच ठेवावेत. त्यांच्या जागी पेस्ट भरू नये, कारण तेथील फट पेस्टने भरून निघत नाही. आठव्या पिढीच्या या प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. साफसफाईनंतर पूर्ण भाराखाली तापमान त्या मर्यादेच्या बरेच खाली स्थिरावले पाहिजे. मे महिन्यातल्या दुपारी हे मोजले तर आकडा थोडा चढा येणारच, तेवढी सवलत द्यावी. पंखा खरखरत असेल तर त्यात तेल सोडण्यापेक्षा तो बदलणे योग्य. तेलाने खरखर महिनाभर जाते आणि मग अधिक मोठी होऊन परत येते.

पडदा

पडदा काळा असेल तर खोलीत अंधार करून त्यावर तिरका टॉर्च मारावा. अंधूक चित्र दिसले तर पॅनेल चालू आहे आणि मागचा प्रकाश गेला आहे. काहीच दिसले नाही तर एचडीएमआयने टीव्ही जोडून पाहावा. तेथे चित्र आले की बोर्ड निर्दोष ठरतो. आडव्या-उभ्या रेषा येत असतील तर पडद्याचे झाकण हळूहळू पुढे-मागे करावे. झाकणाच्या कोनाबरोबर रेषा बदलत असतील तर दोष बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा, आणि पडद्याची कड हलकेच दाबल्यावर बदलत असतील तर पॅनेलचा. केबल पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त असते, म्हणून हा प्रयोग कधीही टाळू नये.

एकदा मात्र मी या सगळ्या तपासण्या करूनही अर्धा तास चकलो होतो. यंत्र सुरू होई, पंखा फिरे, टीव्हीवर चित्र येई आणि पडदा काळाच राही. पॅनेल मागवण्यासाठी मोबाइल हातात घेतला तेव्हा लक्षात आले की, स्क्रू ठेवायची लोहचुंबकाची वाटी मी कीबोर्डच्या खालच्या कडेशी ठेवली होती. झाकण मिटले हे लॅपटॉपला चुंबकावरूनच कळते. वाटीमुळे झाकण मिटले आहे असे समजून तो इमानाने पडदा बंद ठेवत होता. मिठाईचे खोके मी वापरायला लागलो ते तेव्हापासून.

नवे पॅनेल घेताना जुन्याच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा. टी ४८० च्या १९२० बाय १०८० पिक्सेलच्या साध्या पडद्याला ३० पिनांची केबल लागते आणि २५६० बाय १४४० च्या पडद्याला ४० पिनांची, त्यामुळे नुसते "१४ इंची" म्हणून मागवलेला पडदा बसेलच असे नाही. जोड लावताना किंवा काढताना बॅटरीचा जोड सुटलेला असलाच पाहिजे, नाहीतर किंचित तिरकी बसलेली केबल मागच्या प्रकाशाचा फ्यूज उडवते.

कीबोर्ड, बिजागरी आणि ओल

कीबोर्डच्या काही कळा चालत नसतील तर यूएसबी कीबोर्ड जोडून बाकीचे यंत्र नीट आहे याची खात्री करावी. एकाच ओळीतल्या किंवा विखुरलेल्या पण ठरावीक कळा गेल्या असतील तर आतल्या पातळ पापुद्र्यावरचे मार्ग तुटलेले असतात. तो दुरुस्त होत नाही, कीबोर्डच बदलावा. बदलताना रिबन केबलचा जोड नीट पाहावा. त्याला एक बारीक, बहुधा काळी किंवा पांढरी खिटी असते; ती नखाने नव्वद अंशांत वर उचलली जाते आणि मग रिबन आपोआप सुटते. काही जोडांत ती उचलायची नसून पुढे सरकवायची असते. माझ्या पहिल्या यंत्रात मी सरकवायची खिटी उचलली, ती तांदळाच्या कणीएवढी असल्यामुळे उडून कुठे गेली ते आजतागायत कळलेले नाही, आणि रिबन टेपने दाबून बसवण्याची वेळ आली. आता जोर लावण्यापूर्वी मी मोबाइलने जोडाचा फोटो काढून तो मोठा करून पाहतो.

टी ४८० च्या बिजागऱ्या सहसा त्रास देत नाहीत. घरगुती वापराच्या स्वस्त लॅपटॉपांत मात्र प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी पेच उपटून येतात. ते दोन भागांच्या इपॉक्सीने पुन्हा बसवता येतात, पण आधी बिजागरीचे नट थोडे सैल करून तिचा ताठरपणा कमी करावा, नाहीतर नवा सांधाही त्याच जागी तुटतो.

पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेतून आलेल्या यंत्राच्या जोडांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती गंजाची असते. सर्व वीज तोडून मऊ टूथब्रश आणि अल्कोहोल यांनी ती काढावी आणि बोर्ड पूर्ण सुकू द्यावा. चहा सांडलेल्या लॅपटॉपलाही हाच उपचार आहे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने साखर आणि दूध कुठेही जात नाहीत. झुरळांची पिल्ले आणि मुंग्यांची अंडी आत सापडली तर आश्चर्य वाटून घेऊ नये, फक्त झाकण उघडण्याचे काम जेवणाच्या टेबलावर करू नये.

शेवटची तपासणी

सगळे जोडून झाल्यावर तळाच्या झाकणाचे स्क्रू लगेच घट्ट करू नयेत. दोन तास प्रोसेसरवर पूर्ण भार देऊन तापमान पाहावे, त्याच वेळी दोन्ही टाइप-सी खाचांतून आळीपाळीने, प्लग दोन्ही बाजूंनी लावून चार्जिंग तपासावे. प्रत्येक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावावा, कॅमेरा, माइक, स्पीकर आणि हेडफोनची खाच पाहावी, पडद्याचे झाकण मिटून यंत्र झोपते आणि उघडल्यावर जागे होते का ते पाच-सहा वेळा करून बघावे. यात काही चुकले तर तळाचे झाकण अजून हातानेच निघते.

मग एका कागदाच्या चिठ्ठीवर तारीख, पेस्ट लावल्याची नोंद, दोन्ही बॅटऱ्यांची त्या दिवशीची पूर्ण क्षमता, घड्याळाच्या सेलचे व्होल्टेज आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला, पंख्याच्या जाळीपासून दूर, चिकटवावी आणि सहाही स्क्रू आवळावेत.